गौरीची गोळी

गालावरचा डाग मी पहिल्यांदा पाहिला तो बोईसरला, कंपनीतल्या बायकांच्या बाथरूममध्ये. घरी तो मला दिसलाच नव्हता. किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या आमच्या घरात आरसा एकच, आणि तो नवऱ्याने आपल्या दाढीच्या उंचीला टांगलेला. टाचा उंचावल्या तर मला माझी टिकली दिसते, त्याखालचं सगळं अंदाजाने. कंपनीतला आरसा मात्र भिंतभर, आणि वर दोन ट्यूबलाइट. त्या उजेडात देवालाही सुरकुत्या दिसतील.

उन्हाळ्याचे दिवस होते. तोंडावर पाणी मारून मी मान वर केली, तर डाव्या गालाच्या हाडावर एक तपकिरी डाग. त्याला नीट कड नव्हती. कोणी चहात बुडवलेलं बोट टेकवावं आणि पुसायचं विसरावं, तसा. मी रुमालाने घासला. गाल लाल झाला, डाग जागच्या जागी राहिला. उजव्या गालावर पाहिलं, तिथेही एक, जरा लहान. वरच्या ओठावर, पुरुषांना मिशी येते तिथे, नुसती सावली.

मी दोन्ही हातांनी बेसिन धरून उभी राहिले. एखादीला वाटेल, दोन डागांसाठी एवढं काय घाबरायचं? पण ते डाग माझ्या ओळखीचे होते. मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा असेच, याच जागी आले होते. याला वांग म्हणतात. पोटुशी बाईच्या तोंडावर वांग आला की आमच्याकडच्या म्हाताऱ्या गालात हसतात, पोट बोलायच्या आधी तोंड बोललं म्हणतात. माझं तोंड परत बोलायला लागलं होतं आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मुलगी झाली ती तशी नीट झाली होती. रडली, तिचं वजन केलं, सासूने तिचं नाक कोणावर गेलंय तेही ठरवून टाकलं. मग माझं रक्त जायला लागलं ते थांबेना. बोईसरच्या ज्या दवाखान्यात बाळंत झाले तिथे त्यांना जे जमत होतं ते त्यांनी केलं आणि म्हणाले, पुढे न्या. पालघरला नेलं. तिथेही थोड्या वेळाने तेच, पुढे न्या. आमच्या भागातल्या कोणालाही विचारा, डॉक्टरच्या तोंडची सगळ्यात वाईट गोष्ट कुठली, तर कॅन्सर-बिन्सर नाही सांगणार कोणी. पुढे न्या, हेच सांगतील. पुढे म्हणजे मुंबई की गुजरात, हे त्या दिवशीचा रस्ता ठरवतो. मला हायवेने गुजरातच्या बाजूला नेलं.

गाडीत सासू माझ्या उशाशी होती. माझे डोळे मिटायला लागले की ती माझ्या गालावर फटाफट मारायची. "डोले उघड! उघड डोले!" नवरा पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता आणि एकदाही मागे वळून बघत नव्हता. मला विलक्षण थंडी वाजत होती. मरण म्हणजे काळोख-बिळोख असेल असं मला वाटायचं; तसं काही नव्हतं, फक्त थंडी होती, आणि पोरीला दूध कोण पाजेल एवढा एकच विचार. मी वाचले. कोणाकोणाचं रक्त माझ्या अंगात गेलं, देव जाणे. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरने नवऱ्याला समोर बसवून सांगितलं की काही वर्षं दुसऱ्याचा विचारही करू नका, आणि नंतर करायचा झाला तरी आधी विचारा. नवऱ्याने मान डोलावली.

पण पोरगी चालायला लागली आणि त्याचं सुरू झालं, हिच्या जोडीला एक हवा. तो वाईट माणूस नाही. समुद्रावर जाणारा माणूस सरलेल्या वादळाची भीती धरून बसत नाही. बसला तर बोट किनाऱ्याला लागूनच कुजायची. त्याचं वादळ सरलं होतं. माझं अंगात होतं. "बघू" म्हणून मी वेळ मारून नेई आणि सकाळी चहाबरोबर एक गोळी घेई.

गोळ्या गावातच फुकट मिळाल्या असत्या, आरोग्य केंद्राच्या आशाताईकडे. पण आमची आशाताई म्हणजे नवऱ्याची चुलत वहिनी. बाई चांगली, तिच्या पोटात गोष्ट राहते. पण तिच्या पिशवीतली वस्तू माझ्या हातात पडताना चार दारांतून आठ डोळे बघणार, त्याचं काय करायचं? डॉक्टरकडेही गेले नाही. बोईसरमधल्या कुठल्याही दवाखान्यात जा, बाकड्यावर एक तरी ओळखीचं तोंड बसलेलं असतं आणि ते विचारतंच, "काय गं, काय झाला?" म्हणून मी कंपनी सुटल्यावर मेडिकलमधून पाकीट घ्यायचे आणि ते पॅडच्या पुड्यात ठेवायचे. पॅडच्या पुड्याला आमच्या घरात पुरुष हात लावत नाहीत आणि सासू तर त्याला 'बँडेज' म्हणते. असा लॉकर बँकेतही मिळायचा नाही.

तर अशी गोळी रोज घेत असताना तोंडावर वांग. मला एकच अर्थ लागला, गोळी फसली. पोरीच्या तापात मधे एकदा घ्यायची राहिली होती, ती आठवण डोकं खायला लागली. दुसऱ्याच दिवशी तपासणीची पट्टी विकत घेतली आणि कंपनीच्या बाथरूममध्ये, त्याच आरशाकडे पाठ करून, वाट बघत उभी राहिले. एक रेघ आली. दुसरी आली नाही. बाहेर येऊन मी डबा उघडला आणि सकाळपासूनची उपाशी असल्यासारखी जेवले.

पण भीतीला पुरावा लागत नाही आणि पुरावा दिला तर तो पटतही नाही. आठवडा गेला की मला वाटायचं, पट्टीच खराब असेल. पुन्हा पट्टी, पुन्हा एकच रेघ. पाळी तर येतच होती. पाकिटाच्या शेवटच्या रांगेत तपकिरी गोळ्या असतात, त्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत यायची. म्हणजे पोटात काही नव्हतं. मग तोंडावर हे काय होतं? गोळीचा आणि डागाचा काही संबंध असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. गोळी पोटात जाते, डाग गालावर येतो. या दोघांची गाठ पडणार कुठे?

नवऱ्याने आपलं निदान कधीच केलं होतं. "कंपनीची हवा," तो म्हणाला. आमच्या पट्ट्यात हे निदान सगळ्यांना पाठ आहे. लिंबाचं झाड वाळलं, कंपनी. पोराला उलटी झाली, कंपनी. मासळी कमी लागली, कंपनी. काही वेळा ते खरंही असेल, पण मी तयार कपड्यांच्या कंपनीत पॅकिंगला होते, आणि शर्टाच्या घड्या घालून कोणाचं तोंड काळवंडल्याचं मी ऐकलं नव्हतं. तरी मी म्हटलं, हो, हवाच असेल. तेवढंच पांघरूण. पण त्याच्या पुढे "मग सोड नोकरी" आलं आणि मी ते पांघरूण घाईघाईने परत केलं. नोकरी सुटली तर बोईसर सुटलं, बोईसर सुटलं तर मेडिकल सुटलं.

माझ्या शेजारी घड्या घालणाऱ्या मुलीने एक क्रीम आणून दिलं. "दीदी, सात दिन में चाँद!" ती म्हणाली. लावलं. आधी गाल चुरचुरले, मग सोलवटले, मग उन्हात गेले की मिरची लावल्यासारखी आग व्हायची. आणि ती कातडी निघून गेल्यावर खालून जो वांग आला तो आधीच्यापेक्षा गडद. चाँद निघाला खरा, पण ग्रहणातला. मी ती डबी फेकून दिली आणि पदर कपाळावर ओढून घ्यायला लागले. कोणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं की मी तोंड फिरवायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. बाजारातल्या बायका, रिक्षावाला, आशाताई, सगळे जण माझं तोंड वाचताहेत असं वाटायचं.

आता गौरीच्या गोळीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच फिरलं.

भाद्रपद जवळ आला की आमच्याकडे घरोघरी सुनांच्या तारखा बघतात. जिची पाळी गौरीत पडणार तिला गोळी द्यायची, म्हणजे पाळी पुढे जाते. यात लपवाछपवी अजिबात नाही. सासू ओट्यावरून मोठ्याने सांगते, नवरा बाजारातून भाजीबरोबर आणतो, मेडिकलवाला एक शब्द विचारत नाही. गौर घरात घ्यायला, नैवेद्याला सून हवी, बाजूला बसलेली सून काय कामाची? म्हणजे देवासाठी पाळी पुढे ढकलली तर ती गोळी पुण्याची. स्वतःच्या जिवासाठी मूल पुढे ढकललं तर तिला पॅडच्या पुड्यात दडवायचं.

"गौरीला गोली घे," सासू म्हणाली. "मागल्या साली तुज्यामुलं शेजारची सून बोलवायला लागली मना."

नवऱ्याने गोळ्या आणून दिल्या. मी त्या घेतल्या आणि टाकून दिल्या. मला त्यांची गरज नव्हती. तपकिरी गोळ्या सोडून सरळ पुढच्या पाकिटाला हात घातला की पाळी येत नाही, हे मला माहीत होतं. तसंच झालं. गौर मी आणली, वडे मी तळले, सासू आल्यागेल्याला माझ्या हातचं वाढून कौतुक सांगत होती. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी मनातल्या मनात खूश होते.

गौर गेली. आता पाळी यायला हवी होती, कारण सासूच्या हिशेबाने मी गौरीची गोळी बंद केली होती. माझ्या हिशेबाने मी नव्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात होते. ती यायची नाही. पाकीट मधेच सोडलं असतं तर आली असती, पण मधे सोडायची माझी छाती होईना. सोडली आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर? भरती-ओहोटीच्या तिथ्या सासूच्या डोक्यात पक्क्या असतात, कॅलेंडर बघावं लागत नाही. त्यातच कुठेतरी माझीही तिथी तिने नोंदलेली असावी, हे मी धरलंच नव्हतं.

ऑक्टोबरचं ऊन पडलं. बोंबील यायला लागले. सुट्टीच्या दिवशी मी सासूबरोबर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला जायचे. बांबूंवर आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे. तिथे पदराला कोण विचारतं. ऊन वरूनही लागतं आणि वाळूतूनही. त्या दिवसांत वांग गालावरून कपाळावर चढला.

मी पाटी उचलायला वाकले तशी सासूने पाटीवर हात ठेवला.

"ठेव ती."

"का?"

तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड उन्हाकडे फिरवलं, माशाचा कल्ला उघडून बघते तितक्या बारकाईने बघितलं. "वांग हाय."

"ऊन लागला, आई."

"उनात मी जन्म काडला. मना नाय आला वांग." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पालीपन आली नाय तुजी. दिस गेलं काय गं?"

नाही म्हणावं, तर पाळी कुठे गेली ते सांगावं लागेल. हो म्हणावं, तर उद्या काय दाखवणार? मी दोरीवरचे बोंबील सारखे करत राहिले. न बोलणं म्हणजे हो, हे जगात सगळीकडे तसंच असावं. ती हसली नाही. मुलीच्या वेळी हसली होती, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी. या वेळी नुसती पाटी कमरेवर घेतली आणि म्हणाली, "कोनाला बोलू नको. त्याला पन नको." पहिले तीन महिने कोणाला सांगायचं नसतं, म्हणून म्हणत असेल, असं मी धरलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. सासू मला वाकू देईना. हंडा तिने उचलायचा, कपडे तिने पिळायचे. सकाळी आंघोळ झाली की ती देवळात जाऊन बसायची, पूर्वी कधी सणाशिवाय न जाणारी बाई. मी समजले, नातू मागतेय. तिच्या ताटात भात उरायला लागला होता तेही मी बघत होते, पण मला माझ्या भीतीतून वेळ नव्हता. माझ्या पुड्यातलं पाकीट संपत आलं होतं. तपकिरी गोळ्या जवळ आल्या होत्या. त्या सुरू झाल्या की पाळी येणार, आणि घरात गर्भ पडला म्हणून रडारड होणार. त्या सोडून तिसऱ्या पाकिटात पळावं, तर चौथ्याचं काय? कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि माझ्या बाबतीत तर ते अक्षरशः तांबडं होतं. मी घड्या घालताना बटणं चुकवायला लागले. शेजारची मुलगी म्हणायची, "दीदी, बुखार है क्या?"

एक दिवस सासू म्हणाली, "उद्या सुट्टी काड. बोईसरला डाक्टरनीकडं जाऊ. मागल्यावानी नको व्हायला."

रिक्षात तिने माझं मनगट धरलं होतं ते सोडलंच नाही. मी बाहेर बघत होते आणि मनात एकच गोष्ट घोळवत होते, आत गेल्यावर डॉक्टर काय विचारेल. मी काय सांगेन ते ठरवायचा प्रयत्न केला, पण वाक्य सुरूच होईना. एकदा वाटलं, रिक्षा उलटावी. थोडीशीच, कोणाला न लागता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज थंड. सासूने सगळं सांगितलं, मागच्या वेळचं, गाडीचं, गुजरातचं. बाई लिहीत होत्या. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"चेहऱ्यावर हे कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"गोळ्या वगैरे काही चालू आहेत?"

झालं, संपलं. माझ्या कानात समुद्र भरला. टेबलाच्या काचेखाली एका गुबगुबीत बाळाचं चित्र होतं, मी त्याच्याकडे बघत बसले. आणि सासू माझ्या आधी बोलली.

"हो, घेतली ना गोली. मीच बोलले घे म्हून."

मी मान वर केली. तिला माहीत होतं?

"गौरीसाठी," सासू म्हणाली. "पाली पुडं ढकलायची ती."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी परत काचेखालच्या बाळाकडे बघितलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. लघवी तपासली, पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं, आणि सांगितलं की दिवस वगैरे काही गेलेले नाहीत.

"मंग पाली का नाय आली?" सासूने विचारलं.

"गोळ्यांनी होतं कधीकधी असं."

"गोलीनं? गौरीच्या गोलीनं?"

"मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा. मला हिला तपासायचंय."

सासू गेल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता सांगा, कुठल्या गोळ्या घेताय?" मी सांगितलं. कधीपासून, कुठून, सगळं. त्यांनी आधी माझं बीपी बघितलं आणि मग चांगलीच खरडपट्टी काढली. कोणालाही न दाखवता या गोळ्या सुरू करायच्या नसतात म्हणाल्या. मग सांगितलं की पोटुशीपणात अंगात जी संप्रेरकं वाढतात त्याच जातीची या गोळ्यांत असतात, म्हणून काही बायकांच्या तोंडावर तसाच वांग येतो, आणि जिला आधी येऊन गेलाय तिला तर बहुतेक येतोच. ऊन त्याला खतपाणी घालतं. हे क्रीम, ते क्रीम लावू नका, उन्हापासून तोंड जपा, गोळ्या बंद करा. डाग हळूहळू फिके होतील, पुरते जातीलच असं नाही. आणि मूल नको असेल तर तांबी, म्हणजे कॉपर-टी, बसवू, तिच्यात संप्रेरकं नसतात. मी विचारलं, घरी कळेल का? त्या म्हणाल्या, "ते तुमच्या हातात आहे. माझ्याकडून कोणाला कळणार नाही."

मी सुटले होते. खरोखर सुटले होते. पोटात काही नव्हतं हे डॉक्टरने सांगितलं होतं, पाळी गोळीने लांबली हेही डॉक्टरने सांगितलं होतं, आणि कुठली गोळी ते सासूने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला एक शब्द खोटं बोलायची गरज नव्हती. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला. तांबीचं विचार करून सांगते म्हणून मी बाहेर आले.

सासू बाकड्यावर बसली होती. मासळीबाजारात दलालाला दोन शब्दांत गप्प करणारी बाई. तिचे ओठ थरथरत होते. मला बघून ती उठली नाही.

"मी मारला काय गं?"

"कोनाला?"

"पोराला. होता तो. वांग मी माज्या डोल्यांनी बगितलेला. देवासाठी म्हून गोली घालाया लावली तुला, आन त्या गोलीनं..." तिने पदर तोंडात कोंबला. बाकड्यावरच्या बायका बघायला लागल्या.

लग्न झाल्यापासून मी या बाईला घाबरत आले होते. तिच्या आवाजाला, तिच्या नजरेला, तिच्या डोक्यातल्या तिथ्यांना. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिची भीती वाटली नाही, तिच्यासाठी वाटली. मी गप्प बसले असते तर मी कायमची सुरक्षित होते आणि ती दर भाद्रपदात गौरीसमोर खुनी म्हणून बसली असती. सांगितलं तर? घराबाहेर काढेल, माहेरी धाडेल, नवरा कंपनी सोडायला लावेल आणि वर्षभरात मी पुन्हा त्या गाडीत असेन. मी तिच्या शेजारी बसले आणि भिंतीकडे बघून एका दमात बोलले.

"आई, काय नव्हता. पोट नव्हताच. मी गौरीची गोली घेतलीच नाय. मी दुसरी घेते, रोज. पोर नको म्हून. पोरीनं दूद सोडला तवापासून घेते. वांग त्या गोलीचा हाय."

मग तिचा हात वर आला. मी डोळे मिटून घेतले. या हाताच्या थपडा माझ्या गालाला माहीत होत्या. पण हात गालावर आपटला नाही. तिने बोटांनी माझं तोंड धरलं आणि आपल्याकडे फिरवलं.

"रोज घेतेस?"

"हो."

"चुकत नाय ना?"

"एकदा चुकली होती."

"चुकली?" ती इतक्या जोरात म्हणाली की आतून नर्सने डोकावून पाहिलं. "चुकली कशी? जीव नकोसा झाला हाय काय?"

मला काही कळेना. ती मला रागावत होती, पण भलत्याच गोष्टीसाठी.

"वांग बगितला तवापासून माज्या घशाखाली घास नाय," ती म्हणाली. आता ती उघडच रडत होती. "मना वाटला, परत ती गाडी. परत तुज्या थोबाडीत मारीत बसायचा. तवा तू डोले उघडलेस, या वेलंला नाय उघडलं तर? मी देवाला रोज बोलत होते, हिचा पोट खाली कर, हिला ठेव. आपल्याच नातवाला बोलत होते, खाली हो. आन आत डाक्टरीन बोलली नाय म्हून, तर मना वाटला, देवानं ऐकला माजा."

मी तिचा हात धरला. तो बर्फासारखा गार होता.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं. "नातू मना पायजे होता," ती म्हणाली. "खोटा कशाला बोलू? अजून पायजे."

"मना ठाव हाय."

"तुज्या नवऱ्याला मी सांगन. तू गप रव्ह."

मी म्हटलं, डॉक्टर गोळ्या बंद करायला सांगतात. तोंड आणखी काळं होईल म्हणतात.

"होऊ दे काला!" सासू म्हणाली. "काली तर काली. मेलेली गोरी सून घेऊन मी काय करू?"

मग मी तिला तांबीचं सांगितलं. ती बसवली की गोळी लागत नाही आणि तोंडालाही काही होत नाही, हे तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. आत दुसरी पेशंट होती. सासूने पदर खोचला आणि आमचा नंबर नसताना ती केबिनचं दार ढकलून आत गेली.